जलद गाडीचं जास्त भाडं: मोबदल्यात नेमकं काय मिळतं?

एखाद्या उपनगरी मार्गावर नवी जलद सेवा सुरू होते, तेव्हा जाहिरातीत कमाल वेग आणि वाचणारी मिनिटं ठळक अक्षरांत असतात. जादा भाड्याचा आकडा प्रवासी स्वतः शोधून काढतात आणि मग घरोघरी एकच वाद सुरू होतो. पंचवीस मिनिटांसाठी रोज इतके पैसे घालायचे का? कुणी म्हणतं, घरी लवकर पोचण्याचं सुख पैशांत मोजता येत नाही. कुणी म्हणतं, आधी महिन्याचा हिशेब करा आणि मग बोला. दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण दोघंही वेळापत्रकात छापलेली पंचवीस मिनिटं गृहीत धरून बोलतात. ती प्रत्येकाच्या हाती पडतातच असं नाही. एखाद्याच्या हाती सातच पडतात, एखाद्याच्या चाळीस. भाडं मात्र दोघांना सारखंच.

हा फरक कशामुळे पडतो ते कळलं, की जास्त भाडं द्यावं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं. त्यासाठी अर्थशास्त्र शिकलेलं असायला हवं असं नाही, साधा भागाकार आला तरी पुरतं.

गाडी जलद होते म्हणजे काय होतं?

जलद गाडी म्हटलं की जोरात धावणारी गाडी डोळ्यांसमोर येते. रोजच्या प्रवासात मात्र बहुतेक वेळ वाचतो तो न थांबल्यामुळे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. गाडीचा वेग दर सेकंदाला एक मीटरने वाढतो असं धरलं, तर हा वेग गाठायला २८ सेकंद लागतात. त्या २८ सेकंदांत गाडी पूर्ण वेगाच्या मानाने निम्मंच अंतर कापते, म्हणजे १४ सेकंद गेले. ब्रेक लावून थांबतानाही तितकेच जातात. त्यात फलाटावरचे तीस सेकंद मिळवा. एका थांब्यापायी जवळजवळ एक मिनिट खर्ची पडतं. बारा थांबे गाळले की बारा मिनिटं वाचली, आणि कमाल वेग जराही वाढवावा लागला नाही.

आता उलट करून बघू. दर दोन किलोमीटरला एक असे थांबे तसेच ठेवले आणि कमाल वेग १०० वरून १३० वर नेला. दोन स्थानकांमधल्या धावेला आधी साधारण १०० सेकंद लागत होते, ते आता ९२ च्या आसपास येतील. गाडी वेग घेते न घेते तोच ब्रेक लागायला सुरुवात होते, त्यामुळे वाढवलेला वेग वापरायला अंतरच उरत नाही. चाळीस किलोमीटरच्या अख्ख्या प्रवासात तीन मिनिटंही वाचत नाहीत.

वेगाचा फायदा घटत जातो, हेही ध्यानात ठेवायला हवं. तीस किलोमीटरच्या प्रवासात सरासरी वेग ताशी ३० वरून ४० झाला तर एक तासाचा प्रवास पाऊण तासावर येतो. तोच वेग ६० वरून ७० झाला तर जेमतेम चार मिनिटं वाचतात. दोन्ही वेळा वेगवाढ दहाचीच आहे. म्हणून जाहिरातीतल्या कमाल वेगाने भारावून जाऊ नये. किती थांबे गाळले आणि त्यातून किती मिनिटं सुटली, एवढंच विचारावं.

मिनिटं मोजायची कुठून कुठपर्यंत?

वेळापत्रक स्थानक ते स्थानक मोजतं. माणूस घराच्या दारातून निघतो आणि कामाच्या जागी पोचतो. या पूर्ण वेळेला आपण इथे ‘घर ते काम’ म्हणू. जलद सेवेचं गणित फसतं ते बहुधा याच ठिकाणी.

इंग्लंडच्या केंट परगण्यातलं उदाहरण बोलकं आहे. इंग्लिश खाडीखालून जाणाऱ्या बोगद्यापासून लंडनपर्यंत अतिवेगवान मार्ग बांधला गेला, आणि २००९ च्या डिसेंबरपासून त्याच मार्गावर ताशी २२५ किलोमीटर वेगाच्या उपनगरी गाड्या नियमित धावू लागल्या. ॲशफर्ड ते लंडन या प्रवासाला आधी सुमारे ८० मिनिटं लागत, ती ४० च्या आत आली. या गाड्यांचं भाडं जुन्या मार्गापेक्षा जास्त ठेवलं गेलं. पण जुन्या गाड्या चेरिंग क्रॉस, कॅनन स्ट्रीट किंवा व्हिक्टोरियाला जातात आणि नव्या गाड्या शहराच्या उत्तरेकडच्या सेंट पँक्रासला. ज्याचं ऑफिस सेंट पँक्रासजवळ आहे त्याला चाळीसच्या चाळीस मिनिटं मिळाली. ज्याचं ऑफिस चेरिंग क्रॉसला लागून आहे त्याला तिथून पुन्हा भुयारी रेल्वे पकडून मागे यावं लागतं, आणि वाचलेल्या वेळेतला मोठा हिस्सा त्यात जातो. गाडी आणि तिकीट एकच असूनही दोघांच्या पदरात पडलेला वेळ वेगळा.

सोलमध्ये मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली जीटीएक्स ही उपनगरी सेवा ताशी १८० किलोमीटरपर्यंत धावते, आणि सुसो ते दोंगतान हे अंतर सुमारे वीस मिनिटांत कापते. इतका वेग राखायचा तर मार्ग सरळ हवा. दाट वस्तीखालून सरळ मार्ग काढायचा तर तो खूप खोल जातो, आणि मग सरकत्या जिन्यांवरून उतरण्या-चढण्यात काही मिनिटं जातात. ती वेळापत्रकात कुठेच दिसत नाहीत, पण दिवसातून दोनदा खर्च होतात.

सगळी मिनिटं सारखी नसतात

वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना अनेक देशांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली आहे. फलाटावर थांबण्याचं किंवा चालत जाण्याचं एक मिनिट माणसाला गाडीत बसून घालवलेल्या मिनिटापेक्षा खूप जड जातं, साधारण दुप्पट. गर्दीत उभ्याने जाणंही तसंच. बसून गेलेल्या मिनिटापेक्षा त्याचं ओझं दीडपट, दोनपट आणि फारच गर्दी असेल तर त्याहूनही जास्त वाटतं. अनपेक्षित उशिराचं मिनिट तर आणखी बोचतं, कारण त्याची तयारी केलेली नसते.

हे वजन लावून एकाच गाडीचे दोन प्रवासी पाहू. धीमी गाडी दर दहा मिनिटांनी सुटते आणि सत्तर मिनिटं घेते. जलद गाडी दर अर्ध्या तासाने सुटते आणि पंचेचाळीस मिनिटं घेते. पहिल्या प्रवाशाची कामावरून सुटायची वेळ नक्की नसते. तो स्थानकात केव्हाही पोचतो, म्हणून धीम्या गाडीसाठी त्याला सरासरी पाच मिनिटं आणि जलद गाडीसाठी पंधरा मिनिटं थांबावं लागतं. शिवाय जलद गाडीचं शेवटचं स्थानक त्याच्या ऑफिसपासून आठ मिनिटं जास्त चालायला लावतं. वाचलेल्या २५ मिनिटांतून १० आणि ८ वजा केली की घड्याळाप्रमाणे ७ मिनिटं उरली. थांबण्याचं आणि चालण्याचं वजन दुप्पट धरलं तर २५ मधून ३६ वजा होतात. म्हणजे जास्त पैसे देऊन तो घरी आधी पोचेल, पण रोजच्यापेक्षा जास्त थकून.

दुसरा प्रवासी ठरलेल्या वेळी निघतो, जलद गाडीचं स्थानक त्याच्या ऑफिससमोर आहे आणि त्या गाडीत त्याला बसायला जागा मिळते. धीम्या गाडीत तो सत्तर मिनिटं उभा असतो, म्हणजे दीडपट वजनाने १०५. जलद गाडीत ४५ मिनिटं बसून. त्याच्या शरीराला एका तासाची सुटका मिळाली. घड्याळ मात्र पंचवीसच मिनिटं दाखवेल.

हे कागदावरचं तत्त्वज्ञान वाटत असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेची हकिगत बघा. ही सेवा १९७२ मध्ये सुरू झाली. त्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ डॅनियल मॅकफॅडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक गाडीतला वेळ, चालणं, थांबणं आणि खर्च यांची तुलना कशी करतात याचं गणित मांडलं आणि कामावर जाणाऱ्यांपैकी किती टक्के लोक बार्टने जातील याचा अंदाज बांधला. सरकारी अंदाज १५ टक्क्यांचा होता, त्यांचा ६.३ टक्क्यांचा. प्रत्यक्षात आकडा आला ६.२ टक्के. निवड समजून घेण्याच्या याच पद्धतीबद्दल मॅकफॅडन यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नवी चकचकीत गाडी आली म्हणून लोक धावत येतील ही अपेक्षा चुकली. लोकांनी घरापासून कामापर्यंतचा हिशेब केला होता.

आणि वेळेची खात्री?

हा मुद्दा जाहिराती क्वचितच मांडतात, पण मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. समजा धीमी गाडी सरासरी सत्तर मिनिटं घेते, पण कधी पासष्ट, कधी नव्वद. कामावर उशीर चालणार नसेल तर तुम्ही रोज नव्वद मिनिटं आधी निघता. ती गाडी लवकर पोचली तरी वाचलेली मिनिटं कामाच्या जागी रिकामी बसण्यात जातात. जलद गाडी सरासरी पंचेचाळीस आणि जास्तीत जास्त पन्नास मिनिटांत पोचवत असेल तर तुम्हाला पन्नास मिनिटं आधी निघून चालतं. सरासऱ्यांमधला फरक पंचवीस मिनिटांचा, पण सकाळी घरी मिळालेला वेळ चाळीस मिनिटांचा. लहान मूल शाळेत सोडून निघणाऱ्या आईबापांना किंवा घरी आजारी माणूस असणाऱ्याला या चाळीस मिनिटांचं मोल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याच्या उलटही होऊ शकतं. जलद गाडी धीम्या गाड्यांच्याच रुळांवरून जात असेल, तर पुढची गाडी रखडली की तीही रखडते, आणि मग जादा पैसे देणारा फक्त आशेचे पैसे देत असतो. जपानच्या जेआर रेल्वेत भाड्याचे दोन भाग असतात, अंतराचं मूळ भाडं आणि जलद गाडीचा वेगळा अधिभार. खास जलद गाडी दोन तास किंवा त्याहून जास्त उशिरा पोचली तर अधिभार परत मिळतो. रोजच्या प्रवाशाच्या दृष्टीने दोन तासांची मर्यादा फार सैल आहे, पण तत्त्व बरोबर आहे. वेगासाठी पैसे घेतले आणि वेग दिला नाही, तर ते पैसे परत केले पाहिजेत. जिथे वेगासाठी वेगळं भाडं घेतलं जातं तिथे प्रवाशांनी ही मागणी जरूर लावून धरावी.

एका तासाची किंमत काढायची कशी?

आता भागाकार. जादा भाडं भागिले खरोखर वाचलेला वेळ, म्हणजे वाचवलेल्या एका तासाची किंमत. ही किंमत तुमच्या एका तासाच्या हाती पडणाऱ्या कमाईशी ताडून पाहायची. असं केलं की चलन कोणतंही असो, पगार कितीही असो, तुलना करता येते.

समजा एका फेरीचं जादा भाडं तुमच्या पंधरा मिनिटांच्या कमाईइतकं आहे. ‘घर ते काम’ खरोखर २५ मिनिटं वाचत असतील, तर वाचवलेला एक तास तुम्हाला तुमच्या तासाच्या कमाईच्या सहा दशांशाला पडला. पण वरच्या पहिल्या प्रवाशासारखी फक्त ७ मिनिटं हाती येत असतील, तर तोच तास कमाईच्या दुपटीहून महाग पडतो. म्हणजे सात मिनिटांसाठी पंधरा मिनिटांची मजुरी.

किती किंमत वाजवी म्हणायची? १९६५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी, माणूस पैशांसारखाच वेळही वाटून वापरतो, म्हणून वेळेलाही किंमत लावता येते, अशी मांडणी केली, आणि पुढे वाहतूक प्रकल्पांचे फायदे मोजताना ही कल्पना रुळली. यालाच ‘वेळेचं मूल्य’ म्हणतात. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मार्गदर्शक नियमांत स्थानिक खासगी प्रवासातल्या तासाला तासाच्या उत्पन्नाच्या निम्मं मूल्य धरलं जातं. चालणं, थांबणं, उभं राहणं यातल्या तासाला मात्र पूर्ण उत्पन्नाइतकं. हे आकडे सरकारी प्रकल्प तोलण्यासाठी आहेत, तुमच्या आयुष्याला त्यांनी बांधून घ्यायचं कारण नाही. तरी अंदाज घ्यायला ते उपयोगी पडतात. वाचवलेला तास कमाईच्या निम्म्याहून स्वस्त पडत असेल तर सौदा बरा म्हणायला हरकत नाही. पूर्ण कमाईहून महाग पडत असेल तर त्यामागे काही ठोस कारण असायला हवं.

तासाची कमाई काढताना कामाचे तास आणि प्रवासाचे तास मिळवून मग भागावं, असं माझं मत आहे. आठ तासांच्या कामासाठी जो तीन तास प्रवास करतो तो अकरा तास देतो आहे. असं भागलं की तासाची कमाई खाली येते आणि जलद गाडी आणखी महाग दिसू लागते. पण तेच वास्तव आहे.

‘मी गाडीत वाचतो, काम करतो. मग संथ गाडीत वाईट काय?’

काहीच नाही, बसायला जागा असेल तर. वेळेचं मूल्य लावताना प्रवासातला वेळ वाया गेला असं धरलेलं असतं. जो माणूस खिडकीशी बसून अभ्यास करतो किंवा शांत झोप काढतो, त्याची मिनिटं वाया जात नाहीत. त्याला कमी थांब्यांच्या, ठासून भरलेल्या गाडीत ढकलून पंचवीस मिनिटं वाचवून दिली तर तो तोट्यातच जाईल. मार्गाच्या पहिल्या स्थानकावर चढणाऱ्यांनी म्हणून घाईने पास बदलू नये. जागा मिळणं ही त्यांची मोठी मिळकत आहे.

तरी प्रवास मुळात सुखाचा असतो असं मात्र म्हणवत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टेक्सासमधल्या सुमारे नऊशे नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा एकेक प्रसंग आठवून तो कसा गेला ते नोंदवलं. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास यादीत अगदी तळाला होता. २००८ साली अर्थशास्त्रज्ञ आलॉईस श्टुत्सर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतल्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लांबचा प्रवास करणारी माणसं इतरांपेक्षा कमी समाधानी आढळली. लांबच्या प्रवासाबद्दल पगार किंवा स्वस्त घर यातून भरपाई होत असेल ही समजूत त्यातून टिकली नाही. माणसं घर निवडताना जागेचा आणि पगाराचा विचार करतात, पण रोजच्या प्रवासाचा त्रास कमी धरतात. हाच कमी धरलेला त्रास जलद गाडीच्या बाजूने बोलतो.

वाचलेला वेळ जातो कुठे?

१९७० च्या दशकात वाहतुकीचे अभ्यासक याकोव झहावी यांनी वेगवेगळ्या शहरांतल्या प्रवासाच्या नोंदी पाहून असं मांडलं, की लोक प्रवासाला रोज ठरावीकच वेळ देतात. १९९४ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी तो वेळ सरासरीने दिवसाला एक तासाच्या आसपास असल्याचं लिहिलं. वाहन वेगवान झालं की लोक वेळ वाचवत नाहीत, आणखी लांब राहायला जातात. ही सरासरी आहे, प्रत्येकाला लागू होईल असं नाही. पण तिच्यातला इशारा खरा आहे.

जलद गाडीच्या स्थानकाजवळची घरं महागतात, तेही याच कारणाने. प्रवास सोपा झाला की तिथे राहायला जास्त लोक तयार होतात, आणि वाचलेल्या मिनिटांची किंमत हळूहळू घरभाड्यात उतरते. ज्याचं तिथे स्वतःचं घर आहे त्याला मिनिटंही मिळतात आणि घराची किंमतही वाढते. भाड्याने राहणारा आधी तिकिटात पैसे देतो, मग घरभाड्यात. जलद गाडीच्या भरवशावर घर बदलायचा विचार करणाऱ्यांनी म्हणून घरभाडं, तिकीट आणि वेळ या तिन्हींची बेरीज एकत्र मांडावी. स्वस्त घर लांब आणि जलद गाडी महाग, असं असताना बेरीज पुष्कळदा होती तिथेच येऊन थांबते.

भाडं जास्त का घेतात?

खर्च जास्त येतो, हे सर्वांत आधी पुढे येणारं उत्तर. त्यात अंशतः तथ्य आहे. ताशी १६० किलोमीटरच्या गाडीत १०० च्या गाडीच्या अडीचपटीहून जास्त गतिज ऊर्जा असते, आणि वाढत्या वेगाबरोबर हवेचा विरोधही झपाट्याने वाढतो. नवा मार्ग बांधला असेल तर त्याचं कर्ज फेडायचं असतं. दुसरी बाजूही आहे. जलद गाडी फेरी लवकर संपवते, त्यामुळे तीच गाडी आणि तेच चालक दिवसात जास्त फेऱ्या करतात. जुन्याच रुळांवर फक्त थांबे गाळून चालवलेल्या गाडीसाठी मोठं जादा भाडं घेतलं जात असेल, तर खर्चाचं कारण पुरेसं नाही.

दुसरं कारण असं, की ज्यांची जास्त द्यायची तयारी आहे त्यांच्याकडून जास्त घ्यायचं. यात गैर काही नाही, मर्यादा पाळली तर. मर्यादा कोणती, हे फ्रेंच अभियंता ज्यूल द्युपुई यांनी १८४९ मध्येच दाखवलं. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपराचा खर्च किरकोळ होता. तरी ते घालत नसत, कारण दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणारे तिसऱ्या वर्गात बसू लागले असते. गरिबांना मुद्दाम त्रास द्यायचा नव्हता, श्रीमंतांना धाक घालायचा होता, पण पावसात भिजले ते गरीबच. जलद सेवेची मला भीती वाटते ती याच बाबतीत. धीमी सेवा जितकी वाईट, तितकी जलद सेवा खपते. ज्या व्यवस्थेला जलद गाडीतून जास्त उत्पन्न मिळतं, तिला धीमी गाडी सुधारण्याची घाई उरत नाही.

जलद गाडी धीम्या गाडीची जागा खाते?

दोन्ही एकाच रुळांवर असतील तर हो, आणि बऱ्यापैकी. अरुंद पायवाटेवर पुढे डोक्यावर भारा घेतलेला माणूस चालत असेल तर मागच्याला कितीही घाई असली तरी त्याच्याच चालीने जावं लागतं. नाहीतर त्याला पुढे जाऊ देऊन वाट मोकळी होईपर्यंत मागे थांबावं लागतं. जलद गाडीचं तसंच होतं. एखाद्या पट्ट्यात धीमी गाडी तीस मिनिटं घेते आणि जलद गाडी अठरा, आणि दोन गाड्यांत सुरक्षिततेसाठी तीन मिनिटांचं अंतर हवं. जलद गाडी वाटेत अडकू नये म्हणून ती धीम्या गाडीनंतर पंधरा मिनिटांनी सोडावी लागते. तेवढ्या वेळात एरवी चार धीम्या गाड्या सुटल्या असत्या. एका जलद गाडीपायी चार गाड्यांची जागा रिकामी जाते.

उपाय एकच, जादा रूळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडची कॅलट्रेन २००४ मध्ये ‘बेबी बुलेट’ ही जलद सेवा सुरू करणार होती, तेव्हा आधी काही ठिकाणी धीम्या गाडीला ओलांडून जाण्यासाठी रूळ टाकावे लागले. दीड तासाचा प्रवास त्यामुळे एका तासाच्या आत आला. असे रूळ न टाकता जलद सेवा जाहीर होते तेव्हा समजावं, की वाचलेली मिनिटं कुणाच्या तरी खात्यातून वजा झाली आहेत. जलद गाडी जिथे थांबत नाही त्या मधल्या स्थानकांवरच्या लोकांच्या.

मग सर्वांना एकच भाडं का नको?

बेबी बुलेटला जादा भाडं नव्हतं, धीम्या गाडीचंच तिकीट चालत होतं. पॅरिस परिसरात २०१५ पासून पूर्ण प्रदेशाला एकाच दराचा पास मिळतो आणि तो जलद आरईआर गाड्यांतही चालतो. म्हणजे हे करता येतं. अडचण गर्दीची आहे. भाडं सारखं असलं की जवळ जाणारेही जलद गाडीत चढतात आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ती लांबची माणसं दारात लोंबकळतात.

टोकियोच्या अनेक मार्गांनी यातून काढलेली वाट मला जास्त पटते. तिथल्या रोजच्या बहुतेक जलद गाड्या मूळ भाड्यातच जातात. जादा पैसे घेतले जातात ते चांगल्या आसनासाठी. चुओ मार्गावरच्या जलद गाड्यांत मार्च २०२५ पासून असे पैसे भरून बसायचे डबे सुरू झाले. आसनाचे पैसे घेण्यात न्याय आहे, कारण त्या आसनाचा लाभ पैसे देणाऱ्यालाच मिळतो आणि दुसऱ्या गाडीतल्या कुणाचं काही जात नाही. वेगाचं तसं नाही. वेगासाठी रुळांवरचा वेळ लागतो, आणि रूळ सगळ्यांचे असतात.

मग पास घ्यायचा की नाही?

महिन्याचा पास घेण्याआधी एक-दोन आठवडे दोन्ही गाड्यांनी जाऊन पाहा आणि घराच्या दारातून निघालेली व कामाच्या जागी पोचलेली वेळ लिहून ठेवा. सरासरीइतकीच सर्वांत वाईट दिवसाची नोंद महत्त्वाची, कारण निघायची वेळ तीच ठरवते. किती मिनिटं उभं राहिलात तेही लिहा. मग भागाकार करा. सुटी तिकिटं मिळत असतील तर रोज एकच उत्तर असायची गरज नाही. सकाळी वेळेवर पोचणं अटळ असेल तर जाताना जलद आणि येताना धीमी, किंवा आठवड्यातल्या मोजक्या दिवशीच जलद, असंही जमतं. पासमुळे ही मोकळीक जाते. पास घेतला की पैसे वसूल करायच्या नादात माणूस जलद गाडीसाठी फलाटावर पंधरा मिनिटं थांबतो आणि समोरून दोन धीम्या गाड्या सोडून देतो.

जलद गाडीने न जायचं ठरवलं तरी एक काम उरतं. नवं वेळापत्रक लागू होईल तेव्हा जुनं जपून ठेवा आणि आपल्या स्थानकावर गर्दीच्या दोन तासांत थांबणाऱ्या धीम्या गाड्या दोन्हींत मोजा. संख्या घटली असेल तर दोन्ही वेळापत्रकं जोडून प्रवासी संघटनेमार्फत लेखी तक्रार करा. कोणती गाडी गेली, किती वाजताची, आणि तिच्या जागी कोणती जलद गाडी आली, एवढं त्यात असलं की पुरे.